फॉर्मवर आजार लिहायचा का? पोहण्याच्या बॅचआधीचे तेच ते प्रश्न

एप्रिल लागला की दवाखान्यात तापापेक्षा पोहण्याच्या सर्टिफिकेटची गर्दी जास्त, आणि तीही बॅच सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून इथेच उत्तरं देतो.

मुलाला दमा आहे. क्लोरीनने वाढतो म्हणे?
कोण म्हणे? टँकवरची हवा दमट, त्यामुळे बऱ्याच मुलांना पळण्यापेक्षा पोहताना धाप कमीच लागते. हां, बंद हॉलमध्ये डोळे चुरचुरण्याइतका वास येत असेल तर तिथे नको. तो वास स्वच्छतेचा नसतो, क्लोरीन पोरांच्या घामात नि लघवीत मिसळून जे तयार होतं त्याचा असतो. लगेच आराम देणारा पंप स्पेसरसकट (पंपाला लावायच्या नळीसकट) काठावर हवा, घरच्या कपाटात नाही. पोहण्याआधी घ्यायचा का, किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि रोजचा पंप "आता बराय" म्हणून परस्पर बंद करू नका.

कानाचा पडदा फाटलाय. तेलाचा बोळा घालून चालेल?
नाही. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

कालच जुलाब थांबले, फी भरून झालीय.
फी गेली तर जाऊ दे. काही जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत आणि जुलाब थांबल्यावरही दोनेक आठवडे शौचावाटे पडत राहतात. पाण्यात कधी सोडायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

मुलीला फिट येते, गोळ्या चालू आहेत, आठ महिन्यांत आली नाही. फॉर्मवर लिहिलं तर घेणार नाहीत, म्हणून गावी आजोबा विहिरीत शिकवतो म्हणतात.
ताई, या एका प्रश्नाने माझी झोप उडते. पाण्यात फिट आली की पोर ओरडत नाही, हात मारत नाही, गपकन खाली जाते, आणि तिला फिट येते हे कुणाला माहीतच नसेल तर वाचवणार कोण? लपवायचं कारण काय, तर लोक काय म्हणतील! फिट येणाऱ्या मुलांना पोहता येतं, पण मेंदूच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, उथळ पाण्यात, आणि फक्त तिच्याकडेच बघणारा, पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर असेल तर. विहीर नको. कमरेला डबा बांधला तरी तोंड पाण्यात जातंच, आणि बेशुद्ध पोराला घेऊन पायऱ्या कोण चढणार, आजोबा? गोळी चुकली असेल किंवा रात्री जागरण झालं असेल तर त्या दिवशी सुट्टी. पाण्यात फिट आलीच तर तोंड वर धरायचं, झटके थांबले की बाहेर काढायचं, श्वास बघायचा, नि पोर हसत असलं तरी हॉस्पिटल गाठायचं, कारण पाणी छातीत गेलेलं असू शकतं. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. आणि हे सगळं कोचला आधी सांगा, लेखी.

शुगरचा मुलगा, इन्सुलिनवर आहे. पोहू दे?
पोहू दे. आधी शुगर तपासा, ९० च्या खाली असेल तर खायला घालून मगच पाण्यात. काठावर ग्लुकोज हवं, आणि थरथर म्हणजे थंडीच असं धरून बसू नका, लगेच शुगर बघा. त्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरच सांगतील, व्हॉट्सॲप नाही.

दंडात घालायचे फुगे घेऊ का? पाकिटावर "सेफ" लिहिलंय.
खेळणं म्हणून घ्या. निसटतात, फुटतात.