विंगेतले प्रश्न: स्टेज मॅनेजमेंट शिकायचं म्हणजे नेमकं काय?

कॉलेजं सुरू झाली, एकांकिकांच्या टीम ठरायला लागल्या आणि या महिन्यात आलेले प्रश्न बहुतेक सगळे बॅकस्टेजचेच निघाले. मला मनापासून आनंद झाला. अभिनय कसा करू असं विचारणारे दरवर्षी असतात, प्रयोग उभा कसा राहतो हे विचारणारे फार कमी. म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यालाच.

ताई, मी एसवायला आहे. ऑडिशनला रोल मिळाला नाही, सर म्हणाले तू बॅकस्टेज बघ, तूच स्टेज मॅनेजर. पण करायचं काय ते कुणीच सांगत नाहीये, सध्या मी चहा आणते आणि झेरॉक्स काढते. सुरुवात कुठून करू?
एक वाचक, कोल्हापूर

अगं, चहा आणि झेरॉक्स वाटून घ्या सगळ्यांनी, आणि तू उद्यापासून दिग्दर्शकाच्या शेजारी खुर्ची टाकून बस. स्टेज मॅनेजरचं काम प्रयोगाच्या दिवशी सुरू होत नाही, पहिल्या वाचनाला सुरू होतं. आणि ते सुरू होतं प्रतीपासून. संहितेची एक स्वतंत्र प्रत काढ, कागदाच्या एकाच बाजूला प्रिंट, जाड फाइलमध्ये पंच करून लाव, म्हणजे फाइल उघडली की एका बाजूला संवाद आणि समोर कोरं पान. त्या कोऱ्या पानावर हालचाली लिहायच्या, कोण कुठल्या शब्दाला उठलं, कुठून कुठे गेलं, जाताना हातात काय होतं, ते कुठे ठेवलं. संवादाच्या मार्जिनमध्ये लाइट आणि म्युझिकचे क्यू, म्हणजे नेमकं कधी काय बदलायचं त्या सूचना. सगळं पेन्सिलने, कारण दिग्दर्शक आज बसवलेलं परवा बदलणार आणि तो त्याचा हक्कच आहे, आपण फक्त एवढं पाहायचं की आत्ता जे ठरलंय ते आणि तेच प्रतीत आहे. डावी-उजवी विंग, म्हणजे स्टेजच्या बाजूची प्रेक्षकांना न दिसणारी जागा, लिहिताना प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाची डावी-उजवी धर आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाक, नाहीतर निम्मे लोक खुर्चीत बसून डावं म्हणणार आणि निम्मे स्टेजवरून.

प्रत चांगली झाली का हे बघायचं असेल तर मी एकच गोष्ट विचारते, प्रयोगाच्या सकाळी तुला ताप आला तर दुसरं कुणी ती फाइल घेऊन बसलं आणि प्रयोग पार पडला, असं होईल का? आपल्याकडे अजूनही पुष्कळ ग्रुपमध्ये अख्खं नाटक लाइटवाल्याच्या आणि दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं, कागदावर काहीच नसतं. डोक्यातलं नाटक डोकं आजारी पडलं की आजारी पडतं. मला हे फार लागतं कारण एवढी मेहनत करून बसवलेली गोष्ट एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवणं मला पटतच नाही.

दुसरं काम मार्किंग. सेट डिझाइन करणाऱ्याकडून प्लॅन घे, मोजपट्टी घे आणि तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत टेपने भिंती, दारं, लेव्हल म्हणजे सेटवरचे उंचवटे खऱ्या मापात आखून टाक. टेप चालत नसेल तर खडू. कॉलेजच्या वर्गात जागा कमी पडते हे खरंय, पण मग निदान दार आणि सोफा यांच्यातलं अंतर तरी खरं ठेव, नाहीतर रंगीत तालमीला नटाला कळतं की तीन पावलांत व्हायचं ते सहा पावलांत होतंय आणि वाक्य मध्येच संपतंय.

आणि रोज घड्याळ लाव. प्रत्येक प्रवेश किती मिनिटांचा झाला ते तारखेसकट लिही. पुरुषोत्तम असो की फिरोदिया की तुमच्या जिल्ह्यातली एखादी स्पर्धा, नियमपत्रिका स्वतः बसून वाच, वेळमर्यादा काय, ओलांडली तर काय होतं, नेपथ्य लावायला आणि उतरवायला किती वेळ दिलाय हे तुला पाठ पाहिजे. दिग्दर्शकाला वाटत असतं की प्रयोग आज छान पळाला, तुझ्या वहीत दिसतं की तो चार मिनिटं वाढलाय. हे त्याला न घाबरता सांगायचं, पण तालीम संपल्यावर, सगळ्यांसमोर नाही.

प्रॉपर्टीसाठी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंसाठी, दोन्ही विंगांत एकेक टेबल घे, त्यावर ब्राऊन पेपर चिकटव, प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती मार्करने रेघ काढ आणि आत नाव लिही. चष्मा, पाकीट, पत्र, पाण्याचा तांब्या. एखादी चौकट रिकामी दिसली की वस्तू जागेवर नाही हे लांबूनच कळतं, विचारत फिरावं लागत नाही. प्रेक्षक आत सोडायच्या आधी टेबल आणि स्टेज दोन्ही तू स्वतः तपासायचं, "ठेवलंय गं" यावर विश्वास ठेवायचा नाही.

आमच्याकडे लाइट ऑपरेटर मागे बूथमध्ये असतो, म्युझिकवाला विंगेत, हेडसेट नाहीत. प्रत्येक जण स्वतः ऐकून क्यू घेतो आणि दर प्रयोगाला ब्लॅकआऊट (स्टेजवरचा पूर्ण अंधार) आणि म्युझिक मागेपुढे होतं. काय करावं?
एक वाचक, नाशिक

दादा, अडचण हेडसेटची नाहीये, दोन माणसं स्वतंत्रपणे ठरवतायत ही आहे. क्यू एकाच माणसाने द्यायचा, बाकीच्यांनी घ्यायचा, स्टेज मॅनेजमेंटचा कणा म्हणाल तर हाच.

आधी कागदावरची तालीम करा. नट नकोत, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार, म्युझिकवाला आणि स्टेज मॅनेजर चौघं प्रत घेऊन बसा आणि पानामागून पान प्रत्येक क्यू कुठल्या शब्दाला हे ठरवा. वाक्याला नाही, शब्दाला. "दार लावल्यावर" असं लिहू नका, दार लावल्याचा आवाज आल्यावर की कडीवरचा हात निघाल्यावर ते लिहा. लाइटच्या क्यूंना आकडे द्या आणि म्युझिकच्या क्यूंना अक्षरं, म्हणजे "बारा" म्हटलं की फक्त लाइटचा माणूस हलतो आणि "क" म्हटलं की फक्त म्युझिकचा. मध्ये नवीन क्यू आला तर साडेबारा करा, पुढचे सगळे आकडे बदलत बसू नका, आदल्या रात्री बदललेले आकडे हमखास घात करतात. प्रत्येक क्यूच्या साधारण अर्धं पान आधी "तयार" लिहा.

मग बोलायची शिस्त. आधी "लाइट बारा, तयार", समोरून "तयार" असं उत्तर यायलाच पाहिजे, मग वेळ आली की "लाइट बारा..." आणि शेवटी "गो". हा "गो" शब्द प्रयोग चालू असताना दुसऱ्या कुठल्याही वाक्यात वापरायचा नाही, सगळे त्याच शब्दावर बोट ठेवून बसलेले असतात.

आता हेडसेटशिवाय हे कसं करायचं. स्टेज मॅनेजरने सरळ बूथमध्ये लाइट ऑपरेटरच्या शेजारी बसावं, तिथून पूर्ण स्टेज दिसतं, आणि विंगेतल्या म्युझिकवाल्यासाठी एक छोटा बल्ब लांब वायरने न्यावा, स्विच बूथमध्ये. बल्ब लागला की तयार, विझला की गो. परदेशातल्या थिएटरांत क्यू लाइट म्हणून हीच पद्धत वर्षानुवर्षं आहे, तिथे बरेचदा लाल म्हणजे तयार आणि हिरवा म्हणजे गो असे दोन दिवे असतात. वायरिंग नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि येण्याजाण्याच्या वाटेवरची वायर टेपने जमिनीला चिकटवा. मोबाइलवर कॉल चालू ठेवून क्यू देणारे ग्रुप मी पाहिलेत पण मला ते धोक्याचं वाटतं, भरलेल्या नाट्यगृहात नेटवर्क जातं आणि नेमक्या प्रवेशात कुणाचा तरी दुसरा फोन येतो.

आपल्याकडे नाट्यगृह सत्रावर मिळतं, सकाळ, दुपार, रात्र, आणि वेगळं भाडं भरून टेक्निकल, म्हणजे फक्त लाइट-म्युझिकच्या क्यूंची तालीम, करणं हौशी ग्रुपला परवडत नाही. मग वर्गातच करा. मधले संवाद गाळायचे, क्यूच्या आधीची दोन वाक्यं, क्यू, नंतरचं एक वाक्य, लगेच पुढच्या क्यूला उडी. लाइटवाल्याने तोंडाने "फेड आऊट, पाच सेकंद" म्हणायचं आणि सगळ्यांनी तेवढं थांबायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण प्रयोगाच्या दिवशी हाती सेट लावायला जेमतेम वेळ असताना याचा किती उपयोग होतो ते करून बघितल्यावरच कळतं.

आमच्या नाटकात एकाच नटाला तीनदा कपडे बदलावे लागतात आणि ब्लॅकआऊट लांबतो. प्रेक्षक बोलायला लागतात.
एक वाचक, सांगली

आधी हे बघा की ब्लॅकआऊट लांबतोय तो कपड्यांमुळे की सेट बदलण्यामुळे, बऱ्याचदा नट तयार असतो आणि टेबलच हललेलं नसतं.

कपड्यांसाठी विंगेतच एक कोपरा ठरवून घ्या, मेकअप रूमपर्यंत जाणं-येणं नको. कपडे ज्या क्रमाने अंगावर चढणार त्याच क्रमाने खुर्चीवर मांडलेले, बटणांच्या जागी शक्य तिथे वेल्क्रो, एखादा कपडा आधीच आतून घातलेला, आणि मदतीला दोघं, ज्यांची कामं वाटलेली आहेत, एक फक्त वरचं, एक फक्त खालचं. नटाने स्वतः काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि श्वास घ्यायचा. याची वेगळी तालीम घ्या, स्टॉपवॉच लावून, आधी उजेडात आणि मग अंधारात. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच रूपं घ्यायचे आणि सोबत फिरता रंगमंच. टाळ्या त्यांना पडायच्या आणि त्या योग्यच होत्या, पण विंगेत कपडे घेऊन उभ्या असणाऱ्या हातांशिवाय ते होणं शक्य नाही हेही लक्षात घ्या.

सेट बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तुमचा ब्लॅकआऊट असतो दहा सेकंदांचा, तेव्हा आधीची दोन-तीन मिनिटं तरी त्या मुलांनी स्टेजवरच्या दिव्यांकडे बघत उभं राहू नये, पाठ फिरवून थांबावं. आणि फर्निचरच्या पायांच्या खुणांना रेडियमची टेप लावत असाल तर तिच्यावर आधी उजेड पडलेला हवा, नाहीतर ती चमकत नाही.

आम्ही लंडनजवळ राहतो, मंडळाच्या गणपतीत दोन अंकी नाटक करतोय. हॉल एकाच दिवसासाठी मिळालाय, त्यांची स्टाफची माणसं फार नियम सांगतात. कशी तयारी करू?
एक वाचक, इंग्लंड

ताई, नियमांना वैतागू नका, हॉलच्या तंत्रज्ञाला आत्ताच मेल करा आणि स्टेजचं माप, विंगेची खोली, दिव्यांची यादी आणि प्लॅन मागवून घ्या. तुम्हाला मुख्य अडचण येईल ती नांदीच्या आधीच. नारळ, उदबत्ती, समई. उघड्या ज्योतीला तिथे बहुतेक ठिकाणी आधी परवानगी लागते, स्मोक डिटेक्टर असतात, आणि नाटकातला देव्हारा असेल तर तोही त्यातच आला. बॅटरीचा दिवा वापरा, नारळ बाहेर फोडा. सेटला लावलेलं कापड आगीला दाद न देणारं आहे का हेही विचारतील, बाजारातून आणलेल्या साड्या पडदे म्हणून लावणार असाल तर आधी विचारून घ्या.

दिवसाचं वेळापत्रक उलटं लिहा, पडद्याच्या वेळेपासून मागे मागे. तिथे नटांना "हाफ" म्हणजे अर्ध्या तासाची सूचना पडदा उघडायच्या पस्तीस मिनिटं आधी देतात, कारण अर्धा तास मोजतात तो "बिगिनर्स"च्या, म्हणजे सुरुवातीच्या नटांना स्टेजवर बोलावण्याच्या, सूचनेपासून मागे, आणि ती पडद्याच्या पाच मिनिटं आधी असते. हॉलच्या माणसाने "हाफ" म्हटलं आणि तुम्ही आपला अर्धा तास धरलात तर गोंधळ होईल. आपल्या तीन घंटा जरूर द्या, प्रेक्षकांना त्याशिवाय नाटकाला आल्यासारखं वाटणार नाही, पण घंटा प्रेक्षकांसाठी असतात, नटांना मेकअप रूमच्या दारावर जाऊन वेगळं सांगावंच लागतं आणि "थँक यू" किंवा "हो" असं उत्तर घेऊनच परत यायचं.

यात करिअर होतं का? घरचे विचारतात कुठला कोर्स आहे.
एक वाचक, लातूर

कोर्स म्हणशील तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, गोव्यात कला अकादमी. या सगळीकडे नाटक शिकवतात आणि त्यात बॅकस्टेज हाताने करावंच लागतं, फक्त स्टेज मॅनेजमेंटची वेगळी पदवी घ्यायची या अपेक्षेने जाऊ नकोस.

पैशाचं खरं सांगते. व्यावसायिक मराठी नाटकात बॅकस्टेजला नाइटवर पैसे मिळतात, म्हणजे प्रयोग झाला तर. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हाल याच लोकांचे झाले, आणि मला वाटतं यांच्यासाठी निर्मात्यांनी आणि सरकारने कायमची काहीतरी सोय करायलाच हवी. तेव्हा घरच्यांची काळजी चूक नाही. पण हेच काम येणारी माणसं नृत्याचे कार्यक्रम, संगीत महोत्सव, पुरस्कार सोहळे, कंपन्यांचे इव्हेंट इथेही लागतात, तिथेही कुणीतरी क्यू देतच असतं. शिक्षण पूर्ण कर, सोबत वर्षभर एखाद्या ग्रुपसोबत दौऱ्यावर जा, टेम्पोत सेट कसा भरतात इथपासून शिक, मग ठरव.

प्रयोग चालू असताना नट वाक्य विसरला तर प्रॉम्प्ट द्यायचा का? आणि काही मोठं घडलं तर?
एक वाचक, रत्नागिरी

प्रॉम्प्ट द्यायचा की नाही हे दिग्दर्शक आणि नटांशी आधीच ठरवा. देणार असाल तर तालमीत प्रत्येक पॉज प्रतीत खूण करून ठेवा, कारण नट जाणीवपूर्वक थांबलेला असताना विंगेतून वाक्य आलं तर तो पूर्ण प्रवेशच जातो. द्यायचा तर पहिले दोन-तीन शब्द, स्पष्ट, एकदाच.

मोठं घडलं तर, म्हणजे कुणी पडलं, ठिणग्या दिसल्या, वरचा बॅटन (दिवे-पडदे टांगायचा आडवा दांडा) सुटल्यासारखा वाटला, तर प्रयोग थांबवायचा निर्णय स्टेज मॅनेजरचा. दिग्दर्शक तेव्हा प्रेक्षकांत बसलेला असतो, त्याला विचारायला वेळ नसतो, त्यामुळे हा अधिकार तुमचाच आहे हे पहिल्या तालमीतच सगळ्यांसमोर त्याच्याकडून वदवून घ्या. पडदा पाडायचा, हाऊस लाइट, म्हणजे प्रेक्षागृहातले दिवे, आणायचे, आणि एकाने पुढे येऊन शांत आवाजात दोन वाक्यं बोलायची, ती वाक्यंही प्रतीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पडदा ओढणारा माणूस बहुतेक वेळा नाट्यगृहाचा असतो, तुमच्या ग्रुपचा नसतो, तेव्हा पोचल्या पोचल्या त्याला जाऊन भेटा, त्याचं नाव विचारा आणि "थांब" म्हणून तुम्ही कुठली खूण करणार ते त्याला दाखवून ठेवा.