दिवाळखोरीत गेलेल्या खाण कंपनीचा शेअर ठेवावा का?

आपण ठाण्याहून विचारले आहे की, आपल्याकडे जिचे शेअर आहेत ती खाण कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, तरी उत्खनन चालू आहे, मग पडत्या भावात आणखी शेअर घेऊन खरेदीचा सरासरी भाव कमी करावा का. माझ्या मते करू नये. उत्खनन चालू राहते ते धनकोंसाठी, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यांसाठी. भागधारकाला त्यातून काही मिळेलच असे नाही.

कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कर्जवसुलीला स्थगिती मिळते आणि संचालक मंडळाचे अधिकार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (प्रक्रिया चालवणाऱ्या नेमलेल्या व्यावसायिकाकडे) जातात. त्याला खाण सोडून देता येत नाही, कारण पंप थांबले की तळात पाणी भरते आणि खरेदीदाराला दाखवण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून खाण चालू ठेवण्याचा खर्च दिवाळखोरी प्रक्रियेचा खर्च धरून सर्वांत आधी फेडला जातो. कंपनी कोणाकडे आणि कशी सोपवायची, या योजनेवर मतदान करतात ते वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे कर्जदाते (66 टक्के मते लागतात), आणि भागधारकांची संमती कायद्यानेच गृहीत धरलेली असते.

अमेरिकेतील पीबॉडी एनर्जी ही कोळसा कंपनी एप्रिल 2016 मध्ये चॅप्टर 11 (तिथल्या दिवाळखोरी कायद्यातील पुनर्रचनेचे प्रकरण) खाली गेली आणि वर्षभरात बाहेर आली. मधल्या काळात कोळशाचे भाव वाढल्यामुळे शेअर उसळलाही. पण शेवटी जुने शेअर रद्द झाले आणि ते धरून बसलेल्यांच्या हाती काहीच आले नाही. राम मारुती रस्त्यावरच्या ब्रोकरकडे असे शेअर लॉटरीच्या तिकिटासारखे घेणारे आजही भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

खाणीच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. जिच्यावर सारे मूल्य उभे असते ती लीज (खाणपट्टा) सरकारने दिलेली असते. कर्नाटकातील टिफिन्स बॅराइट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले की, लीजला मुदतवाढ नाकारण्याच्या राज्य सरकारच्या निर्णयात न्यायाधिकरणाला हात घालता येत नाही. पुढे 2020 च्या दुरुस्तीने, चालू देणी भरली जात असतील तर केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून लीज स्थगितीच्या काळात रद्द करता येणार नाही, असे संरक्षण मिळाले; मुदत संपत आलेल्या लीजला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे शेअरच्या भावाआधी लीज कधी संपते आणि रॉयल्टी (खनिजावर सरकारला द्यायची रक्कम) थकली आहे का, हे पाहावे.

याच कंपनीचे डिबेंचरही (कर्जरोखे) आपल्याकडे आहेत, असे आपण लिहिले आहे. डिबेंचरधारक धनको असल्याने तेथे काही रक्कम परत मिळण्याची शक्यता असते. डिबेंचरधारकांचे हित पाहणाऱ्या डिबेंचर विश्वस्ताने दावा दाखल केला आहे का, याची लेखी विचारणा याच आठवड्यात करावी.