गळकी विंडशील्ड आणि दोन वर्षांची मुदत

खारघरच्या एका वाचकांनी नोव्हेंबर 2024 मध्ये तुर्भ्याच्या एका दुकानातून गाडीची पुढची काच बदलून घेतली. जून 2025 पासून डॅशबोर्डखाली पाणी उतरते. दुकानदाराने दोनदा बाहेरून सिलिकॉन भरून दिले आणि आता, जुलै 2026 मध्ये, तो फोन उचलत नाही. ग्राहक आयोगात जाता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. अशी पत्रे दर पावसाळ्यात येतात.

जाता येईल, पण आपल्याकडे चारच महिने उरले आहेत असे धरून चाला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. ते कारण काच बसवली तेव्हा घडले की पाणी पहिल्यांदा उतरले तेव्हा, यावर वाद होऊ शकतो आणि त्यात आपली बाजू कदाचित वरचढही ठरेल, कारण पेस्टिंगमधला, म्हणजे काच चिकटवण्यातला, दोष पावसाआधी कळत नाही. तरीही नोव्हेंबर 2026 हीच अखेरची तारीख माना. ‘पुढच्या आठवड्यात करून देतो’ या तोंडी आश्वासनांवर मुदत वाढत नसते. पुरेसे कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहणे हे तसे कारण ठरेलच, याची हमी मी देणार नाही.

सर्व्हिस सेंटरने 14,000 रुपये सांगितलेले काम 6,500 रुपयांत झाले आणि बिल न घेतल्याने आणखी सूट मिळाली, असे आपण कौतुकाने लिहिता. ही सूट कशातून निघते, हे तेव्हाच विचारायला हवे होते. इतका दर पाडून घेतल्यावर हलकी काच वापरणे, चौकटीवर प्रायमर (चिकटा नीट धरण्यासाठीचा लेप) न लावणे आणि पॉलियुरेथेनचा चिकटा पुरेसा वाळण्याआधीच गाडी हाती देणे, एवढेच मार्ग दुकानदारापुढे उरतात. वरून भरलेल्या सिलिकॉनने गळती झाकली जाते, पण आत अडकलेल्या पाण्याने चौकट गंजते. धडकेच्या वेळी बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग याच काचेच्या आधाराने उघडते. म्हणून तक्रारीत केवळ पाण्याचे रडगाणे नको, सुरक्षिततेचा मुद्दा ठळक मांडा. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, मात्र ते आपणच नाकारले हे समोरचा वकील विसरणार नाही. सुदैवाने यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश आहेत, ते जपा.

काच मात्र इतक्यात काढू नका. ती निघाली की पुरावाही गेला. दुसऱ्या जाणकार गॅरेजकडून लेखी तपासणी अहवाल घ्या; त्यात काचेच्या कोपऱ्यातल्या आयएसआय चिन्हाचा, किंवा ते नसल्याचा, स्पष्ट उल्लेख असू द्या आणि सोबत छायाचित्रे जोडा.

खारघर रायगड जिल्ह्यात असल्याने राहत्या जागेच्या आधारे अलिबागच्या आयोगात जाता येते, तर दुकान तुर्भ्याचे असल्याने ठाणे जिल्ह्याचा पर्यायही खुला आहे. मोबदला, म्हणजे कामासाठी आपण दिलेली रक्कम, 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. निकाल तीन महिन्यांत, काचेची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, लागावा असे कायदा म्हणतो. रिकाम्या पदांनी खिळखिळ्या झालेल्या आयोगांकडून ही अपेक्षा ठेवू नका. एवढ्या रकमेसाठी वकील लावणे परवडणारही नाही. याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि उत्तर येवो न येवो, सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा.