पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद: सुरुवात आजीपासून

तू लिहिलंस की आजीचा जन्म गोव्यातल्या डिचोलीचा, १९४१ चा, आणि ती हयात आहे. बाबा १९६८ चे. तुला लिस्बनला यायचंय, तर कोणते कागद जमवायचे आणि एजंट लागतो का? मी याच वाटेने इथे आलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्माने पोर्तुगीज. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालने तिथलं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तरी या लोकांचा हक्क शाबूत राहिला. त्यामुळे आधी आजीचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायचा. मग तिचं लग्न, मग बाबांचा जन्म, बाबांचं लग्न आणि सगळ्यात शेवटी तू. आजीवरून थेट नातवाने अर्ज करायचीही सोय आहे, पण तिथे पोर्तुगीज भाषा येते हे सिद्ध करावं लागतं. बाबा आहेत तर त्यांच्यामार्फतच ये.

पहिला कागद आजीच्या जन्माचा. डिचोलीच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मागताना 'तेओर' असं स्पष्ट सांग, म्हणजे नोंदवहीतल्या मजकुराची शब्दशः, पूर्ण नक्कल. शाळेत लागतो तसला चार ओळींचा दाखला इथे चालत नाही. वही तालुक्याला सापडली नाही तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी कर. ही नोंद पोर्तुगीजमध्ये असल्याने तिच्या भाषांतराचा खर्च वाचतो. बाबांच्या आणि तुझ्या इंग्रजी दाखल्यांना मात्र भाषांतर लागू शकतं.

नक्कल हातात आली की घाई न करता वाच. तारीख आकड्यांत नसते, अक्षरांत लिहिलेली असते, आणि कारकुनाचं वळण असं की एकेका शब्दावर अडायला होतं. समासात काही खरडलेलं दिसलं तर ते सोडू नकोस, लग्नाचा किंवा दुरुस्तीचा शेरा तिथेच मारलेला असतो. नावांची स्पेलिंगं पाहून दचकू नकोस. शिरोडकर 'एक्स'ने सुरू होतात, नाईकांच्या शेवटी 'के'च्या जागी 'क्यू-यू-ई' बसलेलं असतं, प्रभूंचे पोरोबो झालेले असतात. ते सगळं त्या काळच्या रीतीने बरोबरच आहे.

खरी गाठ पुढे आहे, आणि आपल्या हिंदू घरांत ती हमखास बसते. आजीच्या जन्मनोंदीत माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी नावच बदललं. बाबांच्या दाखल्यावर आई म्हणून ते सासरचं नाव, आधारवर तेच, शिवाय आडनाव आजच्या इंग्रजी स्पेलिंगने. लिस्बनच्या टेबलावर या दोन वेगळ्या बायका ठरतात. त्यांना जोडणारा कागद एकच, तो म्हणजे लग्नाची नोंद. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवायची जुनी रीत असल्याने ती बहुधा सापडेल, तिचंही तेओर घे. तरीही नाव जुळत नसेल तर माझं मत असं की आजीच्या मूळ नोंदीला हात लावू नये, बाबांचा दाखला तिच्याशी जुळवून घ्यावा. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, पण दाखल्यातलं आईचं नाव दुरुस्त करायची पद्धत निराळी असू शकते, ती रजिस्ट्रारलाच विचार.

बाबांचा जन्म कधी नोंदवला तेही बघ. आई-बापाशी नातं मूल सज्ञान होण्याआधी कागदावर आलेलं असावं, अशी पोर्तुगीज कायद्याची अपेक्षा असते. जन्म वेळच्या वेळी नोंदला असेल तर प्रश्न नाही. पुढे कधीतरी कोर्टाच्या हुकुमाने नोंदला असेल तर आधी वकील गाठ.

शिक्क्यांचं थोडक्यात: राज्य सरकारचं साक्षांकन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावतात तो शिक्का), मग लागेल तिथे भाषांतर. सादर करायचं पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासामार्फत किंवा थेट लिस्बनला.

एजंट जुनं अक्षर वाचून द्यायला, रांगेत उभं राहायला उपयोगी पडतो. मूळ प्रती मात्र त्याच्या कपाटात राहू देऊ नकोस. आणि 'नाव आम्ही जुळवून देतो' असं जो हसत हसत सांगतो, त्याच्या ऑफिसातून सरळ बाहेर पड. खोटा कागद निघाला तर तो तुझ्या नावावर लागतो, एजंटच्या नाही.

आता भारताची बाजू, जी तू विचारलीच नाहीस. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, तो वापरत राहणं गुन्हा आहे. नुसती लिस्बनची जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणं का, यावर गोव्यात बराच वाद झाला आहे, म्हणून आजीच्या मतदानाबद्दल आणि पासपोर्टबद्दल वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय तिची सही घेऊ नकोस. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) येणं-जाणं होतं, मतदान होत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेलं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, ठेवता येतं.

आणि साखळी बाबांवरून जाते, म्हणजे आधी त्यांना पोर्तुगीज व्हावं लागणार. तू लिहिलंयस की ते सरकारी शाळेत शिक्षक आहेत. नोकरी चालू असताना हे करायला ते तयार आहेत का? नसतील तर त्यांच्या निवृत्तीपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर पोर्तुगीज शिकून आजीवरून थेट अर्ज करावा लागेल. तोवर आजीची दोन्ही तेओरं काढून ठेव, आणि तिचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या आई-वडिलांची नावं, लग्न कुठल्या तालुक्यात नोंदलं, हे तिच्याकडूनच लिहून घे.

मनात ब्रिटन असेल तर तेही सांगतो: १ जानेवारी २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे आपोआप राहता येत नाही. लिस्बनच हवंय ना, हे नक्की कर, मगच कागदांना हात घाल.