शाळेत दूध काढते म्हणून हाफ डे लावला, आता हमीपत्र मागतायत

मिरजेहून एका ताईंचा प्रश्न आलाय. सांगलीत विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळेत शिकवतात, प्रोबेशनचं दुसरं वर्ष चालू आहे, बाळ आठ महिन्यांचं, सासूबाईंकडे असतं. शाळा साडेसात ते दोन. दिवसातून दोनदा पंपानं दूध काढावं लागतं, नाहीतर छाती दगडासारखी होते, एकदा गाठ होऊन तापही आला. आधी सिक रूममध्ये बसायच्या, तिथं कॅमेरा लागला. मग हेडमॅडम म्हणाल्या टॉयलेटमध्ये जा. गेल्या महिन्यात दोन हाफ डे कापले, आणि आता "शाळेच्या वेळेत असले वैयक्तिक काम करणार नाही" असं हमीपत्र पुढं केलंय, सही नाही केली तर प्रोबेशन संपताना बघू म्हणतात.

ताई, पहिलं सांगते, त्या कागदावर सही करू नका. कितीही गोड बोलून दिला तरी नाही. "घरी वाचून, विचारून सांगते" म्हणा आणि फोटो काढून ठेवा. समजा दबावाखाली सही झालीच तरी घाबरायचं नाही, कारण कायद्यानं दिलेला हक्क असा करार करून काढून घेता येत नाही, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम 27 मध्ये ते स्पष्ट होतं आणि कराराच्या कायद्याचं कलम 23 पण तेच सांगतं. पण सही केलेला कागद उद्या तुमच्याच विरोधात फायलीत लागतो, तो काढत बसण्यापेक्षा न दिलेला बरा.

आता मूळ हक्क. जुन्या 1961 च्या कायद्यात कलम 11 होतं, आता 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झालीय, तिच्यात तेच कलम 66 म्हणून आलंय. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज दोन ब्रेक, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत, म्हणजे तुमचे अजून सात महिने आहेत. या ब्रेकसाठी पगार कापता येत नाही हे पण कायद्यातच आहे, त्यामुळं ते दोन हाफ डे मला अजिबात पटलेले नाहीत, ते परत मागायचे. ब्रेक किती मिनिटांचा हे नियमात असतं, 1963 च्या खाणींसाठीच्या केंद्राच्या नियमात एकेक 15 मिनिटांचा धरलाय, तोच अंदाज ठेवून चाला. प्रोबेशनवर आहे म्हणून हा हक्क नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. पाळणाघराची सक्ती मात्र 50 कर्मचाऱ्यांपासून पुढं आहे, तुमच्याकडं चाळीसच आहेत, तो मुद्दा सोडून द्या.

संस्थेचा वकील दोन गोष्टी काढणार. एक, शाळा या कायद्यात बसतच नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागतो आणि तुमच्याकडं दहाच्या वर आहेत, तिथून आपलं म्हणणं सुरू होतं. दुसरं, कायद्यात "बाळाला पाजणं" असं आहे, पंप हा शब्द नाही. खरंय, शब्द नाही. पण बाळ मिरजेला आणि आई सांगलीत असेल तर पाजायचं कसं, तेच दूध काढून संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच बाळाच्या पोटात जातंय ना, मग ते पाजणंच झालं. कायदा बाळासाठी केलाय, त्याचा अर्थ बाळ उपाशी राहील असा लावायचा नसतो. कर्नाटक हायकोर्टानं 2021 मध्ये स्तनपान हा आईचा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क म्हटलाय, आणि सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2025 मध्ये स्तनपानाच्या खोल्यांच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी स्तनपानाकडं कलंक म्हणून बघू नये. दोन्ही तुमच्या केसपेक्षा वेगळी प्रकरणं आहेत पण अर्जात उल्लेख करा, त्याचा उपयोग होतो.

आता तुम्ही शिक्षिका आहात म्हणून जी अडचण बाकीच्या बायकांना येत नाही त्याबद्दल. वर्ग मोकळा सोडून पंपाला जाऊ नका, एकदाही नाही. पोरं धावपळीत पडली, कुणाचं डोकं फुटलं, तर पालक आणि संस्था दोघं मिळून तुम्हालाच धरतील आणि मग दुधाचा विषय बाजूला राहून निष्काळजीपणाची केस होईल. म्हणून टाईमटेबलच बदलून घ्यायचं. तुमचा ऑफ तास साधारण दहाच्या आसपास आणि दुसरा मोठ्या सुट्टीला चिकटून असा मागा, आणि प्रॉक्सीला, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर, तुम्हाला नेमकं त्याच तासाला पाठवायचं नाही हे पण लिहा, कारण ऑफ तास कागदावर असतो आणि सकाळी आठला प्रॉक्सीच्या वहीत आपलं नाव असतं हे सगळ्या शिक्षिकांना माहिती आहे. सोबतच्या एखाद्या बाईंशी तास अदलाबदल ठरवून तिची संमती जोडलीत तर हेडमॅडमना नाही म्हणायला जागाच उरत नाही.

अर्ज लेखीच द्या. बाळाची जन्मतारीख, बालरोगतज्ज्ञांचं आणि गाठ झाली तेव्हाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट, दूध काढायच्या दोन वेळा, आणि आतून कडी लागणारी, कॅमेरा नसलेली खोली. टॉयलेट आम्हाला मान्य नाही असं स्पष्ट लिहा, आपण जेवण टॉयलेटमध्ये बनवतो का. कॅमेऱ्याबद्दल वेगळी ओळ टाका, अशा वेळी बाईला चोरून बघणं किंवा रेकॉर्ड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 चा गुन्हा आहे, हे नुसतं लिहिलं तरी खोली पटकन सापडते असा माझा अनुभव. फ्रिज मागू नका, तो हक्क नाही, आईस पॅक घातलेल्या कूलर बॅगेत दूध 24 तास टिकतं. क्लार्क अर्ज घेत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर कामगार खात्याकडं तक्रार आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. प्रोबेशनची धमकी खरी करून कामावरून काढलंच तर 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील आहे, मुदत फक्त 30 दिवस, ती चुकवू नका, "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत इथंच बरीच माणसं हरतात. न्यायाधिकरणाच्या पुढं जायची वेळ आली तरी आता मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि सांगली त्यातच येते.

आणि राजीनामा द्यायचा विचार मनात आला असेल तर तो आत्ता नको. तुम्ही स्वतःहून सोडलंत की "काढलं" म्हणता येत नाही आणि अपीलच जातं हातातून. आजवर कामाबद्दल एकही लेखी मेमो नाही असं तुम्ही लिहिलंय ना, मग निकालाच्या याद्या, पालकांचे चांगले मेसेज, ऑब्झर्वेशनचे शेरे, पगाराच्या स्लिपा सगळं गोळा करून घरी ठेवा. शाळेच्या कपाटात नको.