दहेजला जाऊ की राजीनामा देऊ? आधी तो चार लाखांचा हप्ता थांबवा

चिपळूणजवळच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 43. लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत 17 वर्षं नोकरी, प्लँटमध्ये शिफ्टला. कंपनीने त्यांच्यासकट 11 जणांना गुजरातमधल्या दहेजच्या प्लँटला बदलीचं पत्र दिलंय आणि 15 दिवसांत हजर व्हायला सांगितलंय. पगारवाढ नाही, घरभाडं नाही. एचआरवाले तोंडी म्हणतात, "जमत नसेल तर राजीनामा द्या, दोन पगार जास्तीचे देऊ." मुलगा दहावीला, आई 72 वर्षांची आणि मधुमेही, पत्नी पतसंस्थेत 14 हजारांवर. वाचकांचा प्रश्न असा: बदली स्वीकारू, की राजीनामा देऊन पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांत वेळणेश्वरला मामांच्या जागेवर तीन खोल्यांचा होमस्टे काढू?

पत्राच्या शेवटी, ता.क. म्हणून, एक ओळ आहे: "महामार्गात गेलेल्या जमिनीच्या पैशांतून बँकेत सात वर्षांची एफडी केली आहे, वर्षाला 4 लाख. दोन भरले, तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तो पीएफमधून भरेन."

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतोच, पण सुरुवात ता.क.पासून करावी लागेल.

ही एफडी नाही. एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. तुम्ही सोबत पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात पेनाने "56" लिहून गोल केलाय, आणि त्याच पानावर बारीक अक्षरात विमा कंपनीचं नाव आहे. तुम्हाला आयुर्विम्याची पॉलिसी विकली आहे. सात वर्षं 4 लाख, म्हणजे 28 लाख भरायचे आणि अठराव्या वर्षी 56 लाख घ्यायचे. "दुप्पट" ऐकायला गोड वाटतं. पण तुमचा पैसा सरासरी 15 वर्षं अडकतो, आणि 15 वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. ज्या पीएफमधून तुम्ही हा हप्ता भरणार आहात, त्या पीएफने 2024-25 साठी 8.25 टक्के दिले. सव्वाआठ टक्क्यांचा पैसा मोडून पावणेपाच टक्क्यांत टाकायला निघाला आहात, तेही नोकरी जायची वेळ आलेली असताना.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. जमिनीचे तुमच्या वाट्याला 22 लाख आले. त्यातले 8 लाख या पॉलिसीत गेले, 8 लाखांची गाडी घेतली, साडेचार लाख घराच्या दुरुस्तीला लागले, हातात दीड लाख उरले. पॉलिसीचे अजून 20 लाख भरायचे आहेत. ते कुठून येणार होते? तुमचा हातात येणारा पगार 57 हजार, पत्नीचा 14, मिळून 71. घरखर्च 34 आणि गृहकर्जाचा हप्ता 13, मिळून 47. महिन्याला उरतात 24 हजार, वर्षाला तीन लाखांच्या आत. हप्ता 4 लाखांचा. म्हणजे बदलीचं पत्र आलंच नसतं तरी तिसऱ्या वर्षी तुम्ही अडकणारच होतात. ज्याने ही पॉलिसी विकली त्याच्यासमोर तुमच्या पगाराचं खातं उघडं होतं. बावीस लाख एकदाच आलेल्या माणसाला 28 लाखांच्या बांधिलकीत टाकलं, आणि तेही एफडी म्हणून. मला याचा संताप येतो. महामार्गाच्या मोबदल्याचे पैसे खात्यात पडले की आठवड्याभरात बँकेतून गोड आवाजात फोन येतो. खेडपासून राजापूरपर्यंत ही गोष्ट मी फार ठिकाणी ऐकली आहे.

बदलीच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. ते 8 लाख आज साध्या खऱ्या एफडीत असते, तर पगार बंद होऊनही तुमचं घर 17 महिने चाललं असतं. पत्नीचा पगार धरला तर पुरी दोन वर्षं. दोन वर्षं घर चालवायची ऐपत असलेला माणूस एचआरसमोर बसून "लेखी द्या, वाचून सांगतो" म्हणू शकतो. दीड लाखवाल्याला ते सांगतील तिथे सही करावी लागते. कंपनीला हे पक्कं माहीत असतं.

आता ही बदली कशासाठी आहे ते समजून घ्या. कामगाराला कपातीत काढायचं तर नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, मोठ्या कारखान्यांना सरकारची परवानगीही लागते. स्वतःहून राजीनामा दिलेल्या माणसाला यातलं काहीच द्यावं लागत नाही. म्हणून माणसाला पत्र द्यायचं: लांबचं ठिकाण, थोडे दिवस, वर छदाम नाही, मुलाची दहावी. चाळिशी ओलांडलेला, जुना, पगार वाढत आलेला माणूस आपणहून निघून जाईल हा हिशोब. तुमच्या यादीतले अकराच्या अकरा जण 15 वर्षांहून जुने आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. नवी पोरं एकही नाही.

नेमणूकपत्रात "भारतात कुठेही बदली होऊ शकेल" हे कलम बहुधा असेल, आणि न्यायालयं साधारणपणे बदली हा नोकरीचाच भाग मानतात. पण धोरणाच्या नावाखाली द्वेषबुद्धीने बदली करणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने ती तशी नावानिशी नोंदवली आहे. हे संरक्षण कामगाराला आहे, मॅनेजरला नाही, आणि चार वर्षांपूर्वी तुम्हाला "असिस्टंट मॅनेजर" हा हुद्दा मिळाला आहे. त्या नावाने घाबरून जाऊ नका. तुम्ही डीसीएस पॅनेलवर (प्लँट चालवणाऱ्या संगणकी नियंत्रणावर) बसता, लॉगशीट भरता, कुणाची रजा मंजूर करत नाही, कुणाला कामावर घेत-काढत नाही. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे न्यायालय बघतं. कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला रत्नागिरीत किंवा चिपळुणात याच आठवड्यात भेटा, आणि अकराही जण मिळून जा. फी वाटली जाईल आणि अकरा पत्रं एकत्र ठेवली की यादी कशी निवडली ते उघड दिसेल.

आकडे बघा. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 32 हजार. ग्रॅच्युइटी म्हणजे 32 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले 17: सुमारे 3 लाख 14 हजार. हे पैसे राजीनामा दिलात तरी मिळतात, पाच वर्षांच्या पुढे तो तुमचा हक्क आहे. एचआर ते "पॅकेज" म्हणून सांगत असेल तर ऐकून घेऊ नका. त्यांची खरी ऑफर दोन पगारांची, म्हणजे सव्वा लाखाच्या आत. कपात म्हणून काढलं असतं तर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे कापाकापीआधीचा तुमचा एकूण 62 हजारांचा पगार धरला तर 5 लाखांच्या वर (नव्या कामगार संहितेत पगारात कोणते भत्ते धरायचे ते वकिलाला विचारा), शिवाय नोटिशीचा पगार. अशा भरपाईवर 5 लाखांपर्यंत प्राप्तिकरही नाही. म्हणजे राजीनाम्याच्या एका सहीने तुम्ही चार लाखांपर्यंतची रक्कम सोडून देताय. कंपनीला माणसं कमी करायची असतील तर तिने तसं लेखी म्हणावं आणि त्याचे पैसे मोजावेत. पाच-सहा लाखांची लेखी ऑफर आली, तर मी स्वतः तुम्हाला ती घ्यायला सांगेन.

तोवर काय करायचं? राजीनामा द्यायचा नाही आणि घरीही बसायचं नाही. न सांगता गैरहजर राहिलात तर "काम सोडून गेला" असं कागदावर आणणं कंपनीला सोपं जातं. वकिलाकडून मसुदा करून घ्या: मुलाची दहावीची परीक्षा, आईचं आजारपण, म्हणून अमुक तारखेपर्यंत मुदत द्या, घरभाड्याचं काय, दहेजला पद कोणतं. ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही. मुदत नाकारली आणि वकिलाने दुसरं काही सुचवलं नाही, तर निषेध नोंदवून हजर व्हा. दहेजला खोली, जेवण आणि महिन्यातून एकदा भरूच-वसईमार्गे घरी येणं, यात 20 हजार जातील. 24 मधून 20 गेले, 4 उरले. ओढाताण आहे, पण घर चालतं. विम्याचा हप्ता मधे नसेल तरच. तिथून अर्ज टाकत राहा. सतरा वर्षं पॅनेल सांभाळलेल्या माणसाला महाड, रोहा, तारापूर, कुठेही दार उघडं असतं, आणि नोकरीत असलेल्या माणसाला ते लवकर उघडतं.

वेळणेश्वरचा होमस्टे: आत्ता नाही. तीन खोल्या, 1,800 रुपये भाडं. पावसाचे चार महिने गेले. उरलेल्या आठ महिन्यांतले शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना धरून 90 रात्री भरल्या तरी पावणेपाच-पाच लाखांची उलाढाल. धुलाई, स्वयंपाकाला माणूस, वीज, बुकिंगचं कमिशन, पावसाळ्यानंतरची डागडुजी यात निम्मे जातात. राहतात महिन्याला 20 हजार, तेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून. राजीनाम्यानंतर तुमच्या घराला महिन्याला 33 हजार कमी पडणार आहेत. त्यात जागा मामांची. त्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते आधी बघा. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या जागेत आपल्या पीएफचे 12 लाख ओतलेले भाचे पुढे तलाठ्याकडे आणि कोर्टात खेपा घालताना दिसतात. समुद्राच्या जवळ असेल तर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगीही बघावी लागेल. होमस्टेची हौस खरी असेल तर मामांची एखादी असलेली खोली नीट करून निवास-न्याहारी योजनेत नोंदवा आणि एक हंगाम चालवून बघा. पीएफला हात लावू नका.

आता पुन्हा पॉलिसी. तिसरा हप्ता भरायचा नाही. हप्ता थांबवणं आणि पॉलिसी मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घाईत मोडू नका. विमा कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती मिळतील (सरेंडर), आणि न भरता तशीच ठेवली तर मुदतीला किती मिळतील (पेड-अप). दोन हप्त्यांनंतर जुन्या नियमाने किमान 30 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार हातात येतात. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांत घेतलेली असेल तर बरंच जास्त. पेड-अप आकडा ढोबळमानाने 56 चे दोन सप्तमांश, 16 लाख, पण अठराव्या वर्षी. सात-साडेसात टक्क्यांनी पैसा 16 वर्षांत तिप्पट होतो. म्हणून पेड-अप आकड्याला तीनने भागा. सरेंडरचा आकडा त्याहून मोठा असेल तर मोडा, लहान असेल तर पॉलिसी तशीच पडू द्या. "आठ लाख वाया जातील" म्हणून पुढचे 20 लाख भरू नका. त्या वीस लाखांवरही जेमतेम पाचच टक्के सुटतात.

तक्रार मात्र कराच. एफडी म्हणून विकल्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश तुमच्याकडे आहेत, ते डिलीट करू नका. प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. आधी विमा कंपनीकडे आणि बँकेकडे, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. लोकपालाला फी नाही, वकील लागत नाही. हप्ते परत मिळतीलच असं मी सांगत नाही, पण संदेश हातात असलेल्या माणसाने तक्रार न करणं चूक ठरेल.

एक तातडीचं काम. हा हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जातो, तसं तुम्ही मँडेट दिलंय. उद्या ग्रॅच्युइटी किंवा कंपनीची भरपाई त्याच खात्यात जमा झाली तर त्यातले 4 लाख तुम्हाला न विचारता जातील. शाखेत लेखी अर्ज देऊन मँडेट रद्द करा आणि पोच घ्या. "करतो साहेब" या शब्दावर परत येऊ नका.

आणि विम्याचं खरं काम. आज तुमच्या जिवावर याच पॉलिसीचं 40 लाखांचं कवच आहे, हप्ता थांबला की ते अकरा-बारा लाखांवर येईल. कर्ज 9 लाख शिल्लक, मुलगा दहावीत. तेव्हा आधी साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म विमा (फक्त जिवाचं कवच, मुदतीला पैसे परत नाहीत) मंजूर करून घ्या, वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास. हप्त्याला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, त्यात हे बसवा. पगाराची स्लिप हातात असताना टर्म सहज मिळतो, नोकरी सुटल्यावर कंपन्या दहा प्रश्न विचारतात. आईचं मेडिक्लेम कंपनीच्या गटविम्यात आहे आणि तो नोकरीबरोबर जाईल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, त्याची चौकशी नोकरी सुटायच्या आधी करा. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. आईंचं आधार कार्ड घेऊन ते याच आठवड्यात काढा, आणि चिपळूण-रत्नागिरीतली कोणती रुग्णालयं त्या यादीत आहेत ते तेव्हाच विचारून ठेवा.