तर्कशास्त्र शिकून करायचं काय?

भावा, तर्कशास्त्रातल्या चिन्हांना घाबरू नकोस. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. म्हणजे धोका पातळी गाठली, तर इशारा पातळी ओलांडलेली असणारच. इशारा पातळीच ओलांडली नसेल तर धोका नाही, हे पक्कं. पण उलटं लागू होत नाही: इशारा पातळी ओलांडली म्हणजे धोका पातळी गाठलीच, असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पावसाळाभर हेच उलटं तर्कट चालतं!

आकारिक तर्कशास्त्र असा वाक्याचा नुसता सांगाडा तपासतं, म्हणूनच ते यंत्रालाही जमतं. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1937 मध्ये बूलचं बीजगणित, म्हणजे खरं-खोट्याचं गणित, रिले सर्किटना (विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या जोडण्यांना) लावून दाखवलं. पाणी खरंच किती फूट आहे, ते मात्र पट्टीवरच बघायचं.

आधी सत्यता सारण्या, म्हणजे विधानं खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यतांचे तक्ते, हातानं मांड. दोन विधानांना चार ओळी, तिनाला आठ. पाचाच्या पुढं पायथॉन या संगणक भाषेला जुंप.